पेपरच्या लाइनीची शर्यत

पहाटे ४.००
गठ्ठे उतरले की आधी मोजणी. ‘संचार’, ‘सकाळ’, ‘लोकमत’, ‘पुढारी’ यांच्या वेगळ्या थप्प्या लागतात. मग पुरवण्या घालायच्या, जाहिरातीची पत्रकं असली तर तीही. कट्ट्यावर ओळीने बसलेल्या आम्हा विक्रेत्यांचे हात इथे फार भराभर चालतात.

४.४५
आता लाइन लावायची. शेवटच्या घराचा पेपर तळाशी, पहिल्या घराचा वर. कोण गावाला गेलंय, कोणाला रविवारी दोन लागतात, कोणत्या गल्लीत रस्ता खोदलाय, हे सगळं डोक्यात ठेवून. आमचा वेग पायात कमी आणि या क्रमात जास्त आहे.

जगभरच्या सायकल कुरिअरवाल्यांची जागतिक स्पर्धा १९९३ मध्ये बर्लिनला सुरू झाली. २०२४ मध्ये ती झुरिकला झाली. तिथे हातात कामांची यादी देतात: या ठिकाणाहून पाकीट उचला, त्या ठिकाणी पोहोचवा, शिक्का घ्या. वाटेत एकेरी रस्तेही असतात. कोणतं काम आधी करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नुसता जोरात पळणारा तिथे मागे पडतो. आमच्या लाइनीचीच ही परीक्षा.

५.१५
कॅरिअरवर गठ्ठा, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधलं की ओझं हलत नाही. एका बाजूला जास्त झालं तर वळणावर सायकल ओढते. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंत पेपर वाहणाऱ्यांची शर्यत भरत असे. सायकलवर पंधरा किलोचं ओझं लादून शहरातून धावायचं. ओझ्यासकट धावणं हाच त्या कामाचा खरा मान होता.

५.४५
सोलापुरातला कन्ना चौक, साखर पेठ, दाजी पेठ, मग अशोक चौक. कारखान्यांतून यंत्रमागांचा खडखडाट येत असतो. घडी घट्ट घालून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पेपर टाकायचा, तोही कुंडीला न लागता. म्हाताऱ्या आजोबांच्या मात्र हातातच द्यायचा. ते दारात उभे असतात. पावसाळ्यात प्रत्येक पेपर प्लास्टिकमध्ये जातो आणि लाइन लांबते.

७.३०
लाइन संपते. लगेच फोन: “मामा, आज पेपर आला न्हाई.” दोन-चार जादा प्रती याचसाठी ठेवलेल्या असतात. परत फिरून देऊन यायचं. गिऱ्हाईक टिकतं ते या फेरीवर.

१०.००
चेनला तेल, ब्रेकचे रबर, हवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात याच वेळेला बिलाची वसुली आणि खाड्यांचा हिशेब. सोलापूरचं ऊन चढायच्या आत घरी पोहोचायचं.

दुपारी १.००
जेवण, झोप. आमची रात्र दुपारी असते.

संध्याकाळी ६.३०
आम्ही विक्रेते चहाला जमतो. मी तिथे एकच गोष्ट मांडतो. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आपण तो वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून पाळतो. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली. चालत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे गोळा करून लहानगे कलाम पेपर वाटायचे. त्या दिवशी हार-सत्कार होतात, ते व्हावेतच. पण सोबत आपली शर्यतही व्हावी.

नियम साधे. सगळ्यांना सारखंच ओझं. सुटल्यावर हातात पत्त्यांची यादी, तीही उलटसुलट. प्रत्येकानं आपली लाइन आपण लावायची. प्रत्येक ठिकाणी शिक्का; चुकीच्या दारात पेपर पडला, भिजला किंवा फाटला तर गुण वजा. वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावरच धावायचं, म्हणजे कोणाचा जीव धोक्यात येणार नाही. वयाची अट नको. चाळीस वर्षं लाइन टाकणारा माणूस कॉलेजच्या पोराला इथे हरवू शकतो, आणि ते शहराने भर दिवसा पाहायला हवं. आपलं कौशल्य लोक झोपेत असताना घडतं, म्हणून त्याची किंमत फक्त महिन्याच्या बिलाएवढी धरली जाते.

रात्री ८.३०
झोपण्याआधी उद्याचे खाडे वहीत लिहितो. तिच्या मागच्या पानावर शर्यतीत उतरायला तयार असलेल्यांची यादी सुरू केली आहे.