ओटीपी मालकाच्या फोनवर
सेलू तालुक्यात कापूस वेचणीला आला की अंगणवाडीतल्या आहारवाटपाला आया कमी येतात. वेचणीची मजुरी किलोवर. आहाराच्या पाकिटासाठी अर्धा दिवस मोडला, तर तेवढा कापूस दुसरीच्या ओटीत जातो.

अशाच एका वाटपाला मी बसले होते. गरोदर बाई, सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची आई आणि सहा महिने ते तीन वर्षांचं मूल यांना घरी न्यायचा आहार मिळतो. १ जुलै २०२५ पासून त्यासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळावा लागतो आणि त्याआधी आधारची पडताळणी. अंगणवाडीच्या ताईंनी नंबर टाकला, ओटीपी गेला. "फोन मालकापाशी हाय, ते गेलेत पुण्याला," समोरची म्हणाली. ताईंनी आपल्या फोनवरून त्यांना लावून पाहिला, उचलला नाही. पुढची आली. पदर मागे घ्या, दारात उजेडात या, डोळे मिटा, उघडा. कडेवरचं पोर स्क्रीनवर हात मारायचं आणि चेहरा हलायचा. बऱ्याच वेळाने जुळला. आधीची मात्र रिकाम्या पिशवीनिशी थेट शेतात गेली. तिच्या नावापुढे काय शेरा पडणार? लाभार्थी आली नाही. हा शेरा मला धडधडीत अन्याय वाटतो.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या अंगणवाडीत आणि बाई सातव्या महिन्यापासून आईकडे. आहाराची खरी गरज असते तेव्हाच तिचं गाव बदललेलं असतं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांचंही तेच. स्थलांतराची नोंद ठेवायची सोय सरकारने केली आहे, पण फडावरच्या कोपीत राहणाऱ्या बाईला जवळची अंगणवाडी कोण दाखवणार?

पाकीट घरी पोचलं तरी ते एकटीचं राहत नाही. गरोदर बाईसाठी रोज ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असा हिशोब आहे. घरात ते पीठ सगळ्यांच्या ताटात जातं, सून शेवटी जेवते. महिनाभर खेटे घालून अंगाला काही लागलं नाही, तर पुढच्या महिन्यात मजुरी कोण बुडवील?

अंगणवाडीची ही योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार हक्काचा झाला. हक्क आहे, पण वेळ जुळत नाही. वाटप दिवेलागणीला ठेवलं तर वेचणीवरून परतलेल्या सगळ्या येतील, असं ताई म्हणाल्या. पण त्या वेळी ताईंच्याही चुलीवर भाकरी असते आणि मानधन सकाळच्याच वेळेचं मिळतं.