वाकडं स्टिअरिंग, सरळ गाडी: दुरुस्ती नेमकी कुठून सुरू करायची?

गाडी सरळ चालली आहे, रस्ताही सरळ आहे, पण हातातलं स्टिअरिंग मात्र पंधरा-वीस अंश एका बाजूला कललेलं. ऑफ-रोड गाड्या वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. विशेषतः गाडीला लिफ्ट किट बसवून ती उंच केली की हमखास ऐकू येणारी. काही जण दुर्लक्ष करतात. काही जण सगळ्यांत सोपा उपाय करतात: स्टिअरिंग व्हील काढायचं, सरळ धरायचं आणि परत बसवायचं. झालं काम!

खरं तर काम झालेलंच नसतं. ते का, हे आज बघू. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी हा विषय मुद्दाम निवडलाय, कारण यात मापनाचा एक मोठा धडा लपलेला आहे: काटा शून्यावर दिसतोय याचा अर्थ यंत्र ठीक आहे असा होत नाही.

आधी रचना समजून घेऊ

उदाहरण म्हणून जीप रँग्लर घेऊ. २००७ ते २०१८ या काळातली ‘जेके’ किंवा तिच्या नंतरची ‘जेएल’. जेएलची जुळणी २०२१ पासून आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावलाही होते. या गाडीला पुढे सलग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या धुऱ्यावर. आपल्याकडची जुनी मारुती जिप्सीही सलग अ‍ॅक्सलवालीच.

स्टिअरिंग फिरवलं की काय घडतं? फिरकी स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते. बॉक्सच्या खाली एक छोटा दांडा असतो, पिटमन आर्म. तो डावी-उजवीकडे हलतो. त्याला जोडलेला लांब दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. ती गाडीखालून तिरकी जाऊन पलीकडच्या चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या भागाला, ढकलते किंवा ओढते. दोन्ही चाकांच्या नकलना एकमेकींशी जोडणारा दांडा म्हणजे टाय रॉड.

आणखी एक भाग लक्षात ठेवा, ट्रॅक बार. याचं एक टोक चॅसीला, दुसरं अ‍ॅक्सलला. अ‍ॅक्सलने डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून हा असतो. तो ड्रॅग लिंकला साधारण समांतर ठेवलेला असतो, आणि हे समांतर असणं फार महत्त्वाचं आहे.

तर कामाची वाटणी अशी: दोन चाकं एकमेकांच्या संदर्भात सरळ आहेत की नाहीत (टो) हे टाय रॉड ठरवतो. अ‍ॅक्सल गाडीच्या मधोमध आहे की नाही हे ट्रॅक बार ठरवतो. आणि चाकं सरळ असताना स्टिअरिंग कुठे दिसेल, हे ड्रॅग लिंकची लांबी ठरवते.

गाडी उंच केली की काय होतं?

आता थोडं गणित. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील.

समजा ड्रॅग लिंक १००० मिमी लांब आहे आणि तिच्या दोन टोकांच्या उंचीत १५० मिमी फरक आहे. पायथागोरसने तिची आडवी पोच येते ९८८.७ मिमी. आता गाडी ७५ मिमी, म्हणजे साधारण ३ इंच उंच केली. चॅसी वर गेली, अ‍ॅक्सल जागेवर राहिला. उंचीतला फरक झाला २२५ मिमी आणि आडवी पोच उरली ९७४.४ मिमी. म्हणजे दांडा तेवढाच, पण आडवा १४.३ मिमी कमी पडतोय.

आता ट्रॅक बार बघा. समजा तो ८०० मिमी लांब आहे आणि त्याच्या टोकांच्या उंचीत १२० मिमी फरक होता. लिफ्टनंतर तो १९५ मिमी झाला. त्याची आडवी पोच १५.१ मिमीने घटली, म्हणजे त्याने अख्खा अ‍ॅक्सलच १५.१ मिमी बाजूला ओढला.

इथे गंमत आहे. ड्रॅग लिंक १४.३ मिमी कमी पडली, पण अ‍ॅक्सलही त्याच दिशेला १५.१ मिमी सरकला. स्टिअरिंगला जाणवणारा फरक उरला फक्त ०.८ मिमीच्या आसपास! नकलचा हात १५० मिमी, पिटमन आर्मही तेवढाच आणि स्टिअरिंग बॉक्सचं गुणोत्तर १४:१ धरलं, तर स्टिअरिंग जेमतेम ४ अंश हलेल. चालकाच्या लक्षातही येणार नाही. पण अ‍ॅक्सल दीड सेंटिमीटर बाजूला बसलाय, आणि स्टिअरिंग सांगतंय ‘सगळं ठीक’.

मग कोणीतरी नीट मोजतो, लांबी बदलता येणारा ट्रॅक बार बसवतो आणि अ‍ॅक्सल मधोमध आणतो. काम अगदी बरोबर केलं. पण आता ड्रॅग लिंकची १४.३ मिमीची कमतरता उघडी पडते. १४.३ भागिले १५० म्हणजे साधारण ५.५ अंश, गुणिले १४, म्हणजे स्टिअरिंग सुमारे ७७ अंश वाकडं!

एक चूक दुरुस्त केली आणि लक्षण वाढलं. कारण आधी दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. संशोधनात हा प्रसंग कधी ना कधी येतोच. प्रयोगातली एक त्रुटी काढल्यावर निकाल आधीपेक्षा बिघडलेला दिसतो आणि माणूस घाबरून ती दुरुस्तीच मागे घेतो. तसं करण्याआधी विचारा: आतापर्यंत ही त्रुटी कोणाला झाकत होती?

मग स्टिअरिंग व्हीलच काढून सरळ का बसवू नये?

तीन कारणं आहेत.

पहिलं, स्टिअरिंग बॉक्सचं स्वतःचं एक मध्य असतं. या प्रकारच्या बॉक्समध्ये मध्यावर दाते सर्वांत घट्ट बसलेले असतात आणि मध्यापासून दूर गेलं की थोडी ढिलाई येते. व्हील काढून सरळ बसवलं, तर डोळ्यांना सरळ दिसतं, पण बॉक्स मात्र कायम मध्य सोडून चालत राहतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल लागतं आणि एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी.

दुसरं, व्हीलच्या मागे एअरबॅगची गुंडाळलेली पट्टीसारखी वायर असते. तिचंही मध्य ठरलेलं आहे. ते चुकलं तर पूर्ण वळणावर ती ताणून तुटू शकते.

तिसरं कारण सर्वांत गंभीर. जेकेपासून पुढच्या रँग्लरमध्ये ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून काम करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत पहिल्यांदा आली आणि अमेरिकेत मॉडेल वर्ष २०१२ पासून हलक्या वाहनांना सक्तीची झाली. ती दोन गोष्टींची तुलना करते: स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय. स्टिअरिंग वाकडं असेल तर सेन्सर सांगतो ‘चालक वळतोय’, आणि गाडी तर सरळ चाललीय. यंत्रणेला वाटतं, गाडी घसरतेय! मग ती मधेच एखाद्या चाकाला ब्रेक लावू शकते किंवा इंजिनाची ताकद कमी करू शकते. भरधाव रस्त्यावर हे किती महागात पडेल, सांगायला नको.

म्हणून हा दिसण्याचा प्रश्न नाहीच. चुकीच्या शून्यावर चाललेला सेन्सर बरोबर मोजतो आणि चुकीचा निर्णय घेतो.

वाकडं आहे की ओढतंय?

पाना हातात घेण्याआधी लक्षणं वेगळी करा.

स्टिअरिंग वाकडं आहे, पण हात सैल सोडले तरी गाडी सरळ जातेय: संशय ड्रॅग लिंकच्या लांबीवर.

गाडी एका बाजूला ओढतेय: टायरमधली हवा, एका चाकाला अडकणारा ब्रेक, एखादा टायर, किंवा दोन बाजूंच्या कॅस्टरमधला फरक. पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. एकच गोष्ट बदलली आणि उत्तर मिळालं.

गाडी तिरकी चालतेय, मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत नाहीत: मग दोष मागे शोधा. जिप्सीसारख्या पाटे असलेल्या गाडीत यू-बोल्ट सैल झाला किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटला की मागचा अ‍ॅक्सल तिरका बसतो, आणि चालक ते भरून काढायला स्टिअरिंग वाकडं धरतो. पुढचं सगळं बिनचूक असलं तरी.

काल सरळ होतं आणि दगडावर आपटल्यावर वाकडं झालं: दांडा वाकलाय का बघा. वाकलेला दांडा बदलायचा असतो. त्याची लांबी जुळवून घेणं म्हणजे सदोष उपकरणाची वाचनं सूत्राने ‘सुधारून’ घेण्यासारखं आहे.

कामाचा क्रम

क्रम चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचं शून्य ठरवते.

१. चारही टायरची हवा सारखी करा.

२. झीज तपासा. गाडी जमिनीवर उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना ओट लावलेले, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूला राहून बॉल जॉइंट आणि ट्रॅक बारची टोकं बघायची. गाडीखाली शिरायचं नाही. कुठे खटखट किंवा ढिलाई दिसली तर आधी तो भाग बदला. ढिल्या जोडावर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

३. अ‍ॅक्सल मधोमध आणा. दोन्ही बाजूंनी चॅसीपासून टायरपर्यंतचं अंतर मोजा, गाडीचं वजन चाकांवर असताना. जॅकवर उचलून मोजलेलं अंतर इथे कामाचं नाही.

४. टाय रॉडने टो जुळवा.

५. स्टिअरिंग बॉक्सचा मध्य शोधा. ड्रॅग लिंक सुटी करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे हळूच मोजा आणि निम्मे परत या. स्टिअरिंग इथे सरळ दिसलं, तर व्हील योग्य जागी बसलंय. नाही दिसलं, तर आधी कोणीतरी तो ‘सोपा उपाय’ केलेला आहे. तो आधी निस्तरा.

६. आता ड्रॅग लिंक. तिच्यावर एक नळी असते, एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. इंजिन बंद, स्टिअरिंगचं लॉक उघडं, चाकं जमिनीवर सरळ. नळीचे क्लॅम्प सैल करा आणि नळी फिरवा. टायर जमिनीला धरून असल्याने चाकं हलत नाहीत, स्टिअरिंगच फिरताना दिसतं.

७. क्लॅम्प मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा. दोन्ही बाजूंचे पुरेसे आटे नळीच्या आत आहेत ना, खात्री करा. शेवटी स्टिअरिंग सेन्सरचं शून्य त्या मॉडेलच्या पद्धतीने तपासून घ्या.

एक सावधगिरी: ही पद्धत जेके-जेएलच्या रचनेसाठी आहे. १९९७ ते २००६ च्या ‘टीजे’ रँग्लरमध्ये टाय रॉड थेट ड्रॅग लिंकलाच जोडलेला असतो. तिथे ड्रॅग लिंकला हात लावला की टोही बदलू शकतो, म्हणून टो पुन्हा मोजावा लागतो. रॅक अँड पिनियन असलेल्या गाडीत दोन वेगळे टाय रॉड असतात. तिथे एक जितका लांब कराल, तितकाच दुसरा आखूड करावा लागतो.

किती फेरे फिरवायचे?

अंदाजाने फिरवू नका, मोजून फिरवा. स्टिअरिंगच्या माथ्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि समोरच्या कव्हरवर दुसरी. व्हीलची त्रिज्या १९ सेंमी असेल तर कडेवरचे ३.३ मिमी म्हणजे १ अंश. आता नळी अर्धा फेरा फिरवा आणि फरक मोजा. आट्यांचं अंतर १.५ मिमी मानलं, तर दोन्ही बाजू मिळून अर्ध्या फेऱ्याला १.५ मिमी आणि वरच्या आकड्यांनुसार स्टिअरिंगला ८ अंश मिळायला हवेत. दिशा चुकली तर उलट फिरवा. आता तुमच्याकडे ‘एका फेऱ्याला इतके अंश’ हे गाडीचं स्वतःचं प्रमाण आलं. उरलेलं त्रैराशिक. गणित आणि वाचन यांत मोठी तफावत आली तर आधी दुसऱ्या पायरीवर परत जा, कुठेतरी ढिलाई राहिली आहे.

आणि शेवटची चाचणी कुठे घ्यायची? बरेच जण म्हणतील, एकाच रस्त्यावर जाऊन-येऊन सरासरी काढू. वाऱ्यासाठी हे चालेल, कारण येताना वारा दुसऱ्या बाजूने लागतो. पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्यापासून कडांकडे उतरता असतो. आपण जातानाही डावीकडून जातो आणि येतानाही डावीकडूनच येतो. म्हणजे उतार दोन्ही वेळा गाडीच्या डावीकडेच! दहा फेऱ्या मारा, शंभर मारा, सरासरीने ही त्रुटी जाणार नाही. त्यासाठी सपाट, मोकळं मैदानच हवं.

पद्धतशीर त्रुटी म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता येत नाही. यादृच्छिक त्रुटी पुन्हा पुन्हा मोजून कमी होते. पद्धतशीर त्रुटीसाठी मोजण्याची परिस्थितीच बदलावी लागते. प्रबंधात ‘प्रयोग दहा वेळा केला’ असं लिहिताना ते दहाही वेळा रस्त्याच्या एकाच कडेने झाले नाहीत ना, एवढं तपासा.

जाता जाता एक गृहपाठ. वरचेच आकडे घेऊन ५० मिमी आणि १०० मिमी लिफ्टसाठी ड्रॅग लिंकची कमतरता काढा. उत्तरं ८.९ आणि २०.४ मिमी यायला हवीत. लिफ्ट दुप्पट झाली, पण कमतरता दुपटीहून जास्त. का? कागदावर तिरका दांडा काढून बघा, उत्तर आकृतीतच आहे.