आटपाडीतून कोडिंग स्पर्धेची तयारी 💻

वजनानुसार ओळीत मांडलेली १००० डाळिंबं. २५० ग्रॅमपासूनची फळं कुठून सुरू होतात? मधलं तोला, निम्मी ओळ सोडा, पुन्हा मधलं तोला. जास्तीत जास्त १० वेळा तोलून उत्तर! हीच बायनरी सर्च.

यानंतर शिकायचा क्रम असा:
🔹 सॉर्टिंग, प्रीफिक्स सम
🔹 बीएफएस, डीएफएस: ग्राफमध्ये फिरायच्या दोन पद्धती
🔹 डायक्स्ट्रा: वाडीवरून आटपाडीचा सर्वांत जवळचा रस्ता
🔹 क्रुस्कल: कमीत कमी पाइपमध्ये सगळ्या वस्त्यांना टेंभू योजनेचं पाणी
🔹 डायनॅमिक प्रोग्रामिंग: घाई नको

फुकट साधनं: सीएसईएसचा प्रश्नसंच, अँटी लाक्सोनेन यांचं 'कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामर्स हँडबुक', सरावाला कोडफोर्सेस आणि २००९ पासूनचं आपलं भारतीय कोडशेफ.

पोरांनो, रोज एकच प्रश्न सोडवा. पण अडलात तरी तासभर उत्तर उघडू नका!