फुलांपलीकडची जॉर्जिया

धोतऱ्याचे फूल आपल्याकडे महादेवाच्या पिंडीवर वाहिले जाते. एरवी पडीक जागी उगवणाऱ्या या विषारी झुडपाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. याच कुळातील एका पांढऱ्या फुलाचे चित्र नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहात ४ कोटी ४४ लाख डॉलरना विकले गेले. कोणत्याही स्त्री चित्रकाराच्या कलाकृतीला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती. चित्र १९३२ सालचे आणि चित्रकर्ती अमेरिकेची जॉर्जिया ओकीफ. गंमत अशी की, ज्या बिरुदाखाली हा विक्रम नोंदला गेला, ते ‘स्त्री चित्रकार’ हे बिरुद तिने आयुष्यभर नाकारले. आपल्याला केवळ चित्रकार म्हणून पाहिले जावे, एवढीच तिची मागणी होती. ती मागणी साधी वाटते खरी. पण ती पुरी होण्यासाठी ९८ वर्षांचे आयुष्यही अपुरे पडले.

जॉर्जियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८८७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील सन प्रेअरी या गावाजवळ, एका शेतकरी कुटुंबात झाला. सात भावंडांत ती दुसरी. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये तिने रीतसर शिक्षण घेतले. १९०८ मध्ये मृत ससा आणि तांब्याचे भांडे यांच्या तैलचित्रासाठी तिला पारितोषिकही मिळाले. मात्र जुन्या पठडीतील हुबेहूब चित्रणात तिचे मन रमेना. घरची आर्थिक स्थितीही खालावली होती. काही काळ तिने चित्रकलेकडे पाठ फिरवली आणि शिकागोत जाहिरातींसाठी चित्रे काढण्याची नोकरी धरली.

तिला पुन्हा चित्रकलेकडे वळवले ते आर्थर वेस्ली डाऊ या कलाशिक्षकाच्या विचारांनी. जपानी कलेचा अभ्यास केलेल्या डाऊच्या मते चित्र म्हणजे निसर्गाची नक्कल नव्हे. रेषा, गडद-फिक्याची मांडणी आणि रंग यांच्या साह्याने कागदावरची जागा सुंदर रीतीने भरणे हे चित्रकाराचे काम. १९१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एका महाविद्यालयात शिकवत असताना जॉर्जियाने आपली सारी चित्रे समोर मांडून पाहिली. प्रत्येकात कोणा ना कोणा शिक्षकाची छाया होती. आपले असे काहीच नव्हते. तिने रंग बाजूला ठेवले आणि केवळ कोळशाने, मनात उमटणारे आकार कागदावर उतरवले. अमेरिकेतील अगदी आरंभीच्या अमूर्त चित्रांत या रेखाटनांची गणना होते.

ही रेखाटने तिने अनिता पॉलिट्झर या मैत्रिणीकडे न्यूयॉर्कला पाठवली. अनिताने १ जानेवारी १९१६ रोजी ती आल्फ्रेड स्टिग्लिट्झला दाखवली. स्टिग्लिट्झ हा नामवंत छायाचित्रकार; त्याच्या ‘२९१’ या छोट्या कलादालनातून युरोपातील आधुनिक कला अमेरिकेला परिचित झाली होती. रेखाटने पाहून तो भारावला आणि त्याच वर्षी त्याने ती जॉर्जियाला न विचारताच प्रदर्शनात मांडली. जाब विचारायला गेलेली जॉर्जिया अखेर चित्रे तेथेच ठेवायला राजी झाली. १९१७ मध्ये त्याच दालनात तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. १९१८ मध्ये टेक्सासमधील शिक्षिकेची नोकरी सोडून ती न्यूयॉर्कला आली. तिच्याहून २३ वर्षांनी मोठ्या असलेल्या स्टिग्लिट्झशी १९२४ मध्ये तिचा विवाह झाला.

स्टिग्लिट्झमुळे तिला व्यासपीठ मिळाले, आणि तिच्याविषयीच्या गैरसमजाचे मूळही तेथेच रुजले. त्याने तिची तीनशेहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांतील काही नग्न छायाचित्रे १९२१ च्या प्रदर्शनात झळकली आणि न्यूयॉर्कमध्ये खळबळ उडाली. चित्रकार म्हणून पुरती परिचित होण्याआधीच ती छायाचित्रांचा विषय म्हणून प्रसिद्ध झाली. तो काळ फ्रॉइडच्या सिद्धांतांनी भारलेला होता. १९२३ मध्ये तिची शंभर चित्रे प्रदर्शित झाली, तेव्हा समीक्षकांनी त्यांत स्त्रीदेहाचे आणि दडलेल्या वासनांचे दर्शन घेतले. स्टिग्लिट्झने या अर्थाला विरोध तर केला नाहीच; उलट, स्त्रीत्वाचा हा निखळ आविष्कार आहे, या समजाला तोच खतपाणी घालत राहिला.

जॉर्जिया या लेखनाने अस्वस्थ झाली. अमूर्त आकारांचे असे अर्थ लावले जातात, तर ओळखू येणाऱ्या वस्तूच रंगवाव्यात, असे तिने ठरवले. १९२४ पासून तिने फुले रंगवली ती प्रचंड आकारात. फूल लहान असते, त्याकडे पाहायला शहरी माणसाला सवड नसते. ते एवढे मोठे करावे की घाईतल्या न्यूयॉर्ककरालाही थांबावे लागेल, हा तिचा हेतू होता. लोक थांबले, परंतु समीक्षकांना या फुलांतही स्त्रीदेहच दिसला. १९३९ मध्ये तिने लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा की, फुलांबद्दलच्या स्वतःच्या कल्पना तुम्ही माझ्या फुलावर लादता आणि मग तेच मला दिसते, असे लिहिता. मला ते दिसत नाही.

वस्तुतः तिच्या दोन हजारांहून अधिक कलाकृतींत फुलांची चित्रे सुमारे दोनशेच आहेत. १९२५ मध्ये ती एका उत्तुंग हॉटेलात राहायला गेली आणि खिडकीतून दिसणारे न्यूयॉर्क रंगवू लागली. गगनचुंबी इमारती हा पुरुषांचा विषय, तो त्यांच्यासाठीच सोडावा, असे तिला सुचवण्यात आले. तिने तो सोडला नाही. ‘रेडिएटर बिल्डिंग’ हे १९२७ चे रात्रीचे दृश्य आज तिच्या उत्तम चित्रांत मोडते.

१९२९ च्या उन्हाळ्यात ती न्यू मेक्सिकोला गेली आणि तिच्या कलेला दुसरे घर सापडले. लाल-पिवळ्या टेकड्या, कोरडे आकाश, मातीची घरे आणि वाळवंटात विखुरलेली जनावरांची हाडे. ती मोटार चालवायला शिकली आणि पुढे मोटारीच्या मागच्या बाजूलाच चित्रशाळा थाटून उन्हातान्हात चित्रे काढू लागली. हाडे तिच्या लेखी मृत्यूचे प्रतीक नव्हती. वाळवंटातील चिवट जीवनाची ती खूण होती. १९३१ मध्ये तिने गाईची कवटी अमेरिकी ध्वजाच्या लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांत रंगवली. ‘महान अमेरिकी’ कलाकृतीच्या गप्पा मारणाऱ्या पूर्वेकडील पुरुषांना तो तिचा टोला होता.

हा प्रवास सरळ नव्हता. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधील भित्तिचित्राचे काम फिसकटले. वैवाहिक जीवनातील ताणाची त्यात भर पडली. तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, रुग्णालयात राहावे लागले आणि वर्षभर ब्रश हाती धरता आला नाही. त्यातून सावरून १९४० मध्ये तिने घोस्ट रँच येथे घर घेतले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी स्टिग्लिट्झचे निधन झाले आणि १९४९ पासून ती कायमची न्यू मेक्सिकोवासी झाली. १९५९ च्या जगप्रवासात ती भारतातही येऊन गेली. विमानातून दिसलेल्या ढगांनी तिला नवा विषय दिला. १९६५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, तिने २४ फूट रुंदीचे मेघचित्र पूर्ण केले.

१९७० च्या दशकातील स्त्रीमुक्ती चळवळीने तिला आपली अग्रणी मानले. परंतु तेथेही तिच्या फुलांना स्त्रीदेहाचाच अर्थ चिकटवला गेला. तिने या गौरवाकडे पाठ फिरवली. तिला स्त्रीहक्कांचे वावडे होते असे मात्र नाही. घटनेत समान हक्कांची दुरुस्ती व्हावी, यासाठी १९४४ मध्ये तिने एलिनॉर रूझवेल्ट यांना पत्र लिहिले होते. हक्क समान हवेत आणि म्हणूनच मोजमापही समान हवे, अशी तिची सुसंगत भूमिका होती. स्त्री म्हणून केलेली निंदा आणि स्त्री म्हणून केलेली स्तुती, दोन्ही तिच्या दृष्टीने एकाच मापाच्या होत्या.

पुढे तिची दृष्टी मंदावली. १९७२ नंतर कोणाच्या मदतीवाचून तैलचित्र काढणे तिला शक्य झाले नाही. तेव्हा तिने मातीची भांडी घडवली. ६ मार्च १९८६ रोजी सांता फे येथे तिचे निधन झाले. तिची रक्षा न्यू मेक्सिकोच्या त्याच भूमीत विखुरण्यात आली.

चित्र एकदा चित्रकाराच्या हातून सुटले की पाहणारा आपला अर्थ लावणारच. ते कोणाला रोखता येत नाही. मात्र अर्थ लावण्यापूर्वी आधी नीट पाहावे, एवढी अपेक्षा चित्रकाराने करावी, यात गैर काय? पाच-सहा इंचांचे धोतऱ्याचे फूल जॉर्जियाने चार फूट उंच केले, ते एवढ्याचसाठी.