नोंदींची नाडीपरीक्षा

शिवडीचे क्षयरोग रुग्णालय मुंबईकरांस परिचित आहेच. क्षयरुग्णांची नोंद २०१२ पासून देशभर ‘निक्षय’ या संगणकीय व्यवस्थेत होऊ लागली. अशा नोंदींची प्रकृती कशी तपासावी? एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या डेटाबेस-पद्धतीत रुग्णांचा तक्ता वेगळा, औषधांचा वेगळा. दोहोंना जोडतो तो रुग्णक्रमांक. म्हणून आम्ही प्रथम हे पाहू, की जिचा रुग्णच तक्त्यात नाही अशी बेवारस औषधनोंद आहे काय? एकच इसम दोन क्रमांकांनी वावरतो काय? तसे झाल्यास निम्मी औषधे एका क्रमांकावर, निम्मी दुसऱ्यावर पडतात आणि नेमाने गोळ्या घेणारा माणूस कागदोपत्री उपचार सोडलेला ठरतो! संगणक मात्र झटपट उत्तरे देतच असतो. राखीव प्रतही नुसती ठेवून भागत नाही; ती दुसऱ्या यंत्रावर उघडून रुग्णसंख्या जुळते का, ते मोजावे.