बेल्ट कधी बदललाय?

जुनी पोर्शे ९४४ पाहायला गेलेला जाणकार रंगाआधी बिलं मागतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘बेल्ट कधी बदललाय?’ ‘आधीच्या मालकाने बदलला असणार’ असं उत्तर आलं, तर बेल्ट बदललेला नाही असं धरूनच तो भाव ठरवतो.

त्याला कारण आहे. या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. शेजारीच दुसरा बेल्ट बॅलन्स शाफ्ट फिरवतो. अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाची थरथर मारण्यासाठी हे दोन शाफ्ट इंजिनाच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. त्यांचं पेटंट मित्सुबिशीकडे होतं आणि पोर्शेने त्यासाठी रीतसर पैसे मोजले. हा बेल्ट तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला, तरी शेवट तोच. वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच चालतो, म्हणून शहाणा मालक तिन्ही कामं एकदमच उरकतो.

१९८२ ते १९९१ या काळात अशा दीड लाखाहून अधिक गाड्या बनल्या. तिची थोरली बहीण ९२४ ही मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली गाडी. फोक्सवॅगनने अंग काढून घेतलं आणि पोर्शेने तो आराखडा विकत घेतला. ९११ च्या भक्तांनी या घराण्याला कधी मनापासून आपलं म्हटलं नाही. त्यामुळे ९४४ अनेक वर्षं स्वस्त राहिली आणि सर्व्हिसिंगचा खर्च न झेपणाऱ्यांच्या हाती गेली. आज विक्रीला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांची दुखणी त्या काळातली आहेत.

तरीही ती हवीशी वाटते, ती वळणावर. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोघांना जोडणारी लांब टॉर्क ट्यूब. वजन दोन्ही ॲक्सलवर जवळपास निम्मं-निम्मं पडतं, म्हणून गाडी कुठेही दचकत नाही. स्टिअरिंग वळवाल तशी वळते. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीत इतका समतोल क्वचितच सापडतो.

याच रचनेची किंमत क्लच बदलताना चुकवावी लागते. एक्झॉस्ट काढा, गिअरबॉक्स उतरवा, टॉर्क ट्यूब मागे सरकवा, तेव्हा कुठे क्लचला हात पोचतो. सुटे भाग त्या मानाने परवडतात, मजुरीच कंबर मोडते. म्हणून गाडी चालवून पाहताना क्लच कुठे पकडतो याकडे नीट लक्ष द्यावं. त्याआधी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडावं. आत तपकिरी साय दिसली, तर ऑइल कूलरची सीलं गेलेली असू शकतात. मागच्या मोठ्या काचेच्या कडेने पाणी डिकीत उतरतं. गालिचा उचलून हात फिरवला की ओल लागते. ओडोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये, त्यातलं प्लॅस्टिकचं चिमुकलं गिअर तुटून आकडा जागीच थांबतो.

टर्बोचे २२० अश्व भुरळ घालतात. १९८९ नंतरची तीन लिटरची एस२ चालवायला त्याहून सुखाची. पण तिच्या दोन कॅमशाफ्टमधली साखळी आणि टेन्शनरचे झिजणारे पॅड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र साधी, आठ व्हॉल्व्हची अडीच लिटर गाडी घ्यावी: डॅशबोर्ड तडकलेला असला तरी चालेल, बिलांची फाइल जाडजूड हवी.