जठरात वळलेली वेणी

मुलीच्या जठराला छेद दिला की आत दिसतो काळाभोर, चकचकीत गोळा, हुबेहूब जठराच्याच आकाराचा. वास उग्र. हा सगळा गोळा त्या मुलीच्या स्वतःच्या केसांचा. एकेक उपटून गिळलेल्या.

केस पचत नाहीत हे ठाऊक असतं, पण ते पुढे का सरकत नाहीत? केस इतका गुळगुळीत की जठराच्या आकुंचनाला तो पकडताच येत नाही. तो जठराच्या वळ्यांमध्ये अडकतो, दुसऱ्या केसात गुंततो. श्लेष्मा आणि अन्नाचे कण त्यांना सांधत जातात. आम्लामुळे केसांतली प्रथिनं बदलतात, म्हणून मूळ केस भुरे असले तरी गोळा काळाच. कधी त्याचं शेपूट लहान आतड्यात उतरतं. 1968 साली वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला ग्रिम बंधूंच्या कथेतल्या लांब वेणीच्या रपुन्झेलचं नाव दिलं.

पोटातल्या अशा गोळ्याला वैद्यकात बेझोआर म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ विषावरचा उतारा! जनावरांच्या पोटात सापडणारे खडे विषहर मानून मोठ्या किमतीला विकले जात. 17व्या शतकात गोव्यातले जेझुइट तर असे खडे हातानं घडवत. ते ‘गोवा स्टोन’ सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपले गेले.

रुग्ण बहुतेक वेळा किशोरवयीन मुली. जेवण अंगाला लागत नाही, दोन घासांत पोट भरतं, उलट्या होतात, रक्त कमी होतं. घरात जंतांचं औषध दिलं जातं. डोक्यावरची विरळ जागा चाई समजून तेल चोळलं जातं. यात आईबापांचा दोष नाही. मूल केस उपटणं-गिळणं लपवूनच करतं. म्हणून पोट तपासणाऱ्यानं डोक्यावरूनही हात फिरवावा, आणि शक्यतो मुलीशी एकटीशी बोलावं.

मोठा गोळा तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनं बहुधा निघत नाही. सुटलेला तुकडा पुढे जाऊन आतडं अडवू शकतो. म्हणून पोट उघडून तो शक्यतो अखंड काढतात. शेपूट ओढताना घाई चालत नाही, आतडं फाटू शकतं.

पण केस उपटण्याची ओढ टाक्यांनी बंद होत नाही. तिला ‘घाणेरडी सवय’ म्हणून रागावलं, तर ती आणखी लपेल आणि गोळा पुन्हा वाढू शकेल. घरी सोडताना दिलेल्या कागदावर टाके काढण्याच्या तारखेशेजारी मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीची तारीखही लिहिलेली असायला हवी.